माझ्या आतड्याचा नकाशा

माझ्या मोठ्या आतड्याला पिशव्या आहेत, हे मला वयाच्या चौपन्नाव्या वर्षी कळलं. तोवर त्या माझ्या परवानगीशिवाय आणि मुख्य म्हणजे नकाशाशिवाय तिथे राहत होत्या. ही गोष्ट मला फार लागली. दुखण्यापेक्षा जास्त लागली म्हणा ना. कारण मी ड्रेनेज खात्यात आरेखक आहे. एकतीस वर्षं या शहराच्या पोटातले पाइप मी कागदावर काढतो आहे. कुठल्या रस्त्याखाली किती व्यासाची लाइन, कुठे वळण, कुठे चेंबर, कुठे कुणी गुपचूप जोड मारलाय, हे मला झोपेतून उठवून विचारलंत तरी सांगेन. आणि माझ्या स्वतःच्या दीड मीटर लाइनीत काय चाललंय याचा मलाच पत्ता नाही, म्हणजे काय!

झालं होतं असं, की पोटात डावीकडे, खालच्या बाजूला दुखायला लागलं. आधी मी दुर्लक्ष केलं, मग ओवा खाल्ला, मग पुन्हा दुर्लक्ष केलं. शेवटी बायकोने हाताला धरून डॉक्टरबाईंकडे नेलं आणि त्यांनी दुर्बिणीची तपासणी सांगितली. त्या तपासणीबद्दल मी काही लिहिणार नाही. माणसाला काही प्रतिष्ठा असते, आणि त्या सकाळी ती मला शर्टाबरोबर खुंटीला अडकवून ठेवायला सांगितली होती, एवढंच सांगतो.

"घाबरू नका," डॉक्टरबाई म्हणाल्या. "या वयात पुष्कळांना असतं. आतड्याच्या भिंतीतून जिथे रक्तवाहिन्या आत शिरतात, तिथे भिंत मुळातच कच्ची असते. वर्षानुवर्षं आतून दाब पडला, की तिथलं अस्तर बाहेर फुगतं आणि मटाराच्या दाण्याएवढी पिशवी तयार होते."

"किती आहेत?"

"आम्ही मोजत नाही."

मोजत नाहीत! आमच्या खात्यात एका गल्लीतली चेंबरची झाकणं मोजली नाहीत म्हणून एका माणसाची बढती अडली होती.

"बहुतेकांना जन्मभर काही त्रास होत नाही," बाई पुढे म्हणाल्या. "चोथा असलेलं खा, पाणी प्या, चालत जा. पण एखाद्या पिशवीला सूज आली, आत पू झाला किंवा ती फुटली, तर मात्र जिवावर बेततं. ताप आला किंवा दुखणं वाढलं, तर त्याच दिवशी इथे या. विचार करत बसू नका. वेळ आली तर ऑपरेशन करून तेवढा तुकडा काढावा लागतो."

पहिली सगळी वाक्यं मी विसरलो. 'तेवढा तुकडा' एवढं डोक्यात राहिलं. मी ऑपरेशनला घाबरतो. भितो. यात लपवण्यासारखं काही नाही, आणि तरी मी ते लपवलं. बाहेर बाकावर बसलेल्या बायकोला मी सांगितलं, "किरकोळ आहे. चोथा खायचाय."

आमच्या इमारतीत खालच्या मजल्यावर एक निवृत्त कंपाउंडर काका राहतात. औषधाच्या पुड्या बांधण्यात त्यांची हयात गेली आणि त्या पुड्यांमधून सगळं वैद्यकशास्त्र झिरपत त्यांच्यात उतरलं, असा त्यांचा समज आहे. माझी बातमी जिना उतरून त्यांच्यापर्यंत कशी पोचली कोण जाणे, पण संध्याकाळी ते आमच्या सोफ्यावर होते.

"बिया," ते म्हणाले. "बी पिशवीत अडकली, की खेळ खलास."

पुढचे आठ दिवस मी जेवायला बसताना चिमटा घेऊन बसत होतो. टोमॅटोच्या बिया काढणं हे काम किती मोठं आहे याची बाहेरच्या जगाला कल्पना नाही. काकडी त्यामानाने सोपी. पेरूपुढे मी हात टेकले. बायको ताटावर वाकलेल्या माझ्याकडे बघत उभी राहायची आणि आत जायची. मग मी डॉक्टरबाईंना फोन केला, तर त्या म्हणाल्या, बियांचं ते जुनं आहे, त्यात तथ्य नाही, खुशाल खा. काकांना हे सांगितलं तर त्यांचा चेहरा पडला. "डॉक्टर आज आले," ते म्हणाले, "बिया आधीपासून आहेत."

समोरच्या वहिनींचं म्हणणं, उजव्या कुशीवर झोपावं, म्हणजे डावीकडच्या पिशव्या उताराने रिकाम्या होतात. आता उतार म्हटला की मी हरतो. उतार हा माझा धंदा आहे. मी पलंगाच्या डाव्या पायांखाली दोन-दोन विटा लावल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी मी भिंतीला चिकटलेला होतो आणि बायको माझ्यावर. विटा गॅलरीत गेल्या.

मला कोणी समजावून सांगत नव्हतं, ही खरी अडचण होती. मला गोष्ट कळते ती काढल्यावर. म्हणून मी ठरवलं, आपल्या लाइनीचा नकाशा आपणच काढायचा. त्यासाठी तपासणीचा तपशीलवार अहवाल आणि फोटो हवे होते. इस्पितळाच्या अभिलेख खोलीत एक कारकून लोखंडी कपाटांच्या मधोमध बसला होता. त्याने छापील अर्ज पुढे सरकवला.

"अहवाल कशासाठी हवा?"

"समजून घेण्यासाठी."

"तसं कारण नाही यात. विमा, न्यायालय आणि मृत्यू, तीनच आहेत. विम्याला महिना लागतो, न्यायालयाला दोन. मृत्यू लिहा, आत्ता देतो."

मी मृत्यूवर खूण केली. कारकुनाने पुढची ओळ वाचली. "मयताशी नातं?"

"स्वतः."

त्याने मान वर केली नाही. 'स्वतः' असं सुवाच्य अक्षरात लिहिलं, शिक्का मारला आणि फोटोंचं पाकीट माझ्या हातात दिलं. "वाईट झालं," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी नकाशाखोलीत बसलो. ही आमच्या कचेरीतली सगळ्यात शांत जागा. लांब टेबल, वर एक ट्यूबलाइट, चारी बाजूंना नकाशांच्या गुंडाळ्या ठेवायचे लाकडी घोडे. खात्याचा छापील तक्ता घेतला, कारण दुसऱ्या कागदावर माझा हात चालत नाही. अहवालात बाहेरच्या तोंडापासूनची अंतरं दिलेली होती: अठरा सेंटिमीटरवर एक, एकवीसवर दोन, असं करत. मी सेंटिमीटरला मीटर धरलं. वळणं फोटोवरून घेतली. पिशव्या मोजल्या. तेरा निघाल्या. कोणीतरी मोजायला हव्याच होत्या. नववी पिशवी डावीकडच्या तीव्र वळणावर होती, मान बारीक, भिंत पातळ. तिच्याभोवती मी लाल वर्तुळ काढलं आणि लिहिलं, 'संशयास्पद. लक्ष ठेवणे.' नकाशा इतका देखणा झाला, की पहिल्यांदाच मला माझ्या आतड्याबद्दल जिव्हाळा वाटला.

इथपर्यंत सगळं ठीक होतं. पण तक्त्याच्या कोपऱ्यात क्रमांकाची चौकट असते, आणि एकतीस वर्षांत माझ्या हातून एकही चौकट रिकामी गेलेली नाही. आमच्या सूचीत दोनशे तेरानंतर एकदम दोनशे पंधरा येतो. दोनशे चौदा गहाळ आहे, मी नोकरीला लागायच्या आधीपासून. त्या नंबरची जमीन आहे, जुन्या सूतगिरणीमागची गल्ली, पण तिच्याखाली काय आहे हे कुणाला माहीत नाही आणि तिथून कधी तक्रारही येत नाही. रिकामा नंबर दिसला, मी तो लिहिला. खाली सही केली. ही सगळी हाताची सवय, डोक्याचा त्यात काही भाग नव्हता.

मग मला उठावं लागलं. माझ्या दुखण्यात माणूस उठला की लगेच परत येत नाही. परत आलो तेव्हा तीन वाजून गेले होते आणि टेबल साफ होतं. आमच्याकडे नियम आहे: सही झालेला तक्ता तीननंतर टेबलावर राहता कामा नये, आवक-जावकच्या बाई गाडी घेऊन येतात आणि सगळे उचलून नेतात. हा नियम खूप वर्षांपूर्वी लेखी सूचना देऊन मीच करवून घेतला होता.

मी धावत गेलो. बाई शांतपणे रजिस्टर मिटत होत्या. "नोंद झाली. परत हवा असेल तर साहेबांचं पत्र आणा."

साहेब मला बघून खुर्चीतून उठले. असं आजवर कधी झालं नव्हतं. "दोनशे चौदा शोधून काढलात! बोलला नाहीत! माझ्याआधीच्या चार साहेबांना जमलं नाही हे." त्यांनी माझी पाठ थोपटली. "सही करून मुकादमाकडे पाठवलाय. लाल वर्तुळ आहे म्हटल्यावर उशीर नको."

आता मी काय सांगायला हवं होतं? की साहेब, आपण मंजूर केलंत ते माझं आतडं आहे? मी थँक्यू म्हणालो आणि बाहेर आलो. मनाची समजूत घातली, की मुकादम खणेल, तिथे काही मिळणार नाही, तो 'लाइन आढळली नाही' असा शेरा मारेल आणि कागद परत येईल.

त्याच संध्याकाळी कणकण आली. दुसऱ्या दिवशी नकाशाखोलीत घोड्यांच्या आड उभं राहून मी थर्मामीटर लावला. शंभर होता. तिसऱ्या दिवशी शंभर आणि वर थोडा. डावीकडचं दुखणं आता एका जागी बसलं होतं आणि खोकलं तरी कळत होतं. 'विचार करत बसू नका' असं डॉक्टरबाई म्हणाल्या होत्या. मी विचार करत नव्हतोच, नुसता बसलो होतो. घरी रोज बायको विचारायची, "बरं वाटतंय ना?" मी म्हणायचो, "एकदम." डोळ्यांसमोर एकच, तो तुकडा.

चौथ्या दिवशी सकाळी मुकादम आला. हा माणूस अठ्ठावीस वर्षं गटारात उतरतो आहे आणि कधी हसलेला मी पाहिलेला नाही. दाढेखाली लवंग धरून तो टेबलापाशी उभा राहिला.

"दोनशे चौदा तुम्हीच काढलाय ना?"

"का? काही मिळालं नाही ना?"

"बरोबर आहे."

"काय बरोबर आहे?"

"सगळं. इतका बरोबर नकाशा मला आजवर मिळाला नव्हता. अठराव्या मीटरवर पहिला फुगवटा. एकविसाव्यावर दोन. तेराच्या तेरा आहेत." त्याने लवंग एका गालातून दुसऱ्या गालात नेली. "फक्त पाइप कशाचा आहे ते सांगा. सिमेंटचा नाही, बिडाचा नाही. कोमट लागतो."

"कोमट?"

"हात ठेवला की कळतं. आणि नऊ नंबर जास्त गरम आहे."

मी टोपी घातली आणि त्याच्याबरोबर निघालो.

भर दुपार होती. गिरणीची उंच आंधळी भिंत एका बाजूला, दुसऱ्या बाजूला बंद गोदामं. गल्लीत कुत्रंसुद्धा नव्हतं. खड्डा माझ्या नकाशाप्रमाणे वळत वळत गेला होता. काम करणारी माणसं काठापासून दूर, भिंतीला टेकून उभी होती आणि आजाऱ्याच्या खोलीत बोलतात तशा आवाजात बोलत होती. मी शिडीने खाली उतरलो. ओल्या मातीत ती लाइन पडली होती, फिकट, ओलसर, माणसाच्या कमरेएवढी जाड. मी बघत असतानाच एका टोकाकडून एक हलकीशी लाट उठली आणि सावकाश सरकत दुसऱ्या टोकाला गेली. त्याच क्षणी माझ्या पोटात मोठ्याने गुरगुरलं. वरच्या माणसांनी सभ्यपणे दुसरीकडे पाहिलं.

इतक्या माणसांसमोर आपलं आतडं उघडं पडलेलं पाहून काय वाटावं, याचा कुठे रिवाज नाही. मला भीती वाटलीच, पण आधी लाज वाटली. त्यावर काहीतरी पांघरूण घालावं असं वाटलं.

"हा नऊ नंबर," मुकादम म्हणाला आणि थापीच्या दांड्याने वळणावरच्या लालसर फुग्याला हलकेच टेकलं.

मी ओरडलो. पोटात कुणी सुरी फिरवावी तसं झालं आणि मी शिडीला धरून खाली बसलो. मुकादमाने थापी बाजूला ठेवली. त्याने माझ्याकडे पाहिलं, मग लाइनीकडे, मग पुन्हा माझ्याकडे. त्याने काहीही विचारलं नाही. त्याबद्दल मी त्याचा जन्माचा ऋणी आहे.

"हिचा आजच्या आज निचरा करायला हवा," तो हळू आवाजात म्हणाला. "भिंत पापुद्र्यासारखी झालीय. फुटली तर आतलं सगळीकडे पसरेल. मग गल्ली हातची गेली."

"किती वेळ आहे?"

"मी संध्याकाळ होऊ दिली नसती." मग त्याने विचारलं, "घरी कोण असतं तुमच्या?"

मी तिथूनच, खड्ड्यात बसून, बायकोला फोन केला आणि चार दिवसांत पहिल्यांदा खरं बोललो.

ती टॅक्सी घेऊन आली. अर्ध्या वाटेत तिने माझ्या कपाळाला हात लावून पाहिला. मग म्हणाली, "किती दिवस ताप आहे?"

"चार."

"आणि मला रोज सांगत होतात, एकदम बरं आहे म्हणून." तिचा आवाज चढला नाही. चढला असता तर मला बरं वाटलं असतं. "अहो, मी कोण आहे तुमची?"

मी खिडकीबाहेर बघत राहिलो.

पुढचं थोडक्यात सांगतो. यंत्रात घालून फोटो काढले. वळणावरच्या एका पिशवीशेजारी पू साठला होता. "नशीब अजून पोटात फुटलं नाही," डॉक्टरबाई म्हणाल्या आणि त्यांचा चेहरा पाहून मी दुसरं काही विचारलं नाही. पोट न उघडता, कातडीतून सुई घालून एक बारीक नळी आत बसवली आणि निचरा सुरू केला. शिरेतून औषधं चालू झाली. खाटेच्या पायथ्याच्या तक्त्यावर परिचारिकेने वेळ लिहिली: चार वाजून दहा मिनिटं. मुकादमाची दैनिक नोंद मी नंतर कचेरीत पाहिली. 'नऊ क्रमांकात नळी घालून निचरा सुरू केला, दुपारी ४.१०.' दोन्हीकडे अक्षर वेगळं आहे, एवढाच काय तो फरक.

कंपाउंडर काका भेटायला आले. माझ्या नळीकडे बराच वेळ पाहून ते म्हणाले, "बी निघाली का?" बायकोने त्यांना चहा प्यायला खाली नेलं.

तुकडा काढावा लागला नाही. निदान आत्ता नाही. पुढे पाहू, असं डॉक्टरबाई म्हणाल्या. मी दहा दिवस इस्पितळात आणि दोन आठवडे घरी काढले. बायकोने भात मऊ केला, औषधाच्या वेळा भिंतीवर लावल्या, रात्र-रात्र खुर्चीत बसून काढली. मी तिला आता सगळं सांगत होतो. कुठे दुखतं, कुठे ओढल्यासारखं होतं, चोथा कुठवर पोचला असेल. ती सगळं ऐकायची. आपण किती मोकळे झालो, म्हणून मला माझंच कौतुक वाटत होतं.

कामावर रुजू झालो त्याच दिवशी साहेबांनी कागद पुढे केला. "दोनशे चौदा बंद करायचाय. मुकादम काम पूर्ण झाल्याचं लिहून देत नाही. तुम्ही बघा जरा."

मी गल्लीत गेलो. खड्डा तसाच उघडा होता. कडेने दोर बांधला होता आणि मुकादम एकटाच एका उलट्या बादलीवर बसला होता.

"तुमची लाइन शांत आहे," तो म्हणाला. "नऊ नंबर बसला. बाकीच्या बारा आहेत तशा आहेत, त्या राहतील. मी रोज हात लावून बघतो."

"मग बंद का करत नाही?"

"दुसरी आहे ना." तो उठला आणि त्याने खाली बोट दाखवलं. "तुमच्या लाइनीला चिकटून, पहिल्यापासून शेवटपर्यंत समांतर. माती काढताना सापडली. तुमच्यापेक्षा बारीक आहे. जिथे तुमची वळते तिथे तीही वळते. जिथे तुमची खचलीय, तिथे तिने खालून टेकू दिलाय. किती वर्षांची असेल सांगता येत नाही, पंचवीस-तीस तरी."

मी वाकून पाहिलं. होती. माझ्या नकाशात तिची रेघसुद्धा नव्हती.

"हिच्यात एका ठिकाणी गाठ आहे," मुकादम म्हणाला. "नवी नाही, काही महिन्यांची असेल. पण मी हात लावू शकत नाही. नकाशा नसलेल्या लाइनीला हात लावायचा नाही, नियम आहे. कुणाची आहे, माहीत आहे का तुम्हाला?"

आमच्या लग्नाला सत्तावीस वर्षं झाली आहेत. नकाशाखोलीत जाऊन एक कोरा तक्ता काढला, अर्ध्या दिवसाची रजा लिहिली आणि घरी आलो.

ती बाहेरच्या खोलीत वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होती. "एवढ्यात आलात? दुखतंय का?"

"मला नाही. तुला काही होतंय का?"

"मला काय होतंय!"

"कुठे गाठ आहे का?"

टॉवेल तिच्या हातात तसाच राहिला. "कुणी सांगितलं?"

मुकादमाने, असं कसं सांगणार? तिने टॉवेलची घडी पूर्ण केली, ती गठ्ठ्यावर ठेवली, हाताने सारखी केली.

"तीन महिने झाले," ती म्हणाली. "दुखत नाही. म्हटलं, आधी तुमचं होऊ दे."

मला रागवायचं होतं. चार दिवसांचा माणूस तीन महिन्यांच्या माणसावर काय रागावणार? एवढी भीती मला खड्ड्यातही वाटली नव्हती. मी जेवणाच्या टेबलावर तक्ता पसरला, चार कोपऱ्यांवर चार वाट्या ठेवल्या, पेन्सिलीला टोक काढलं. टोक दोनदा मोडलं.

"हे काय आता?" ती म्हणाली. "मला नाही येत काही काढता."

"तू फक्त सांग. मी काढतो. आणि मग हा कागद घेऊन आत्ताच डॉक्टरबाईंकडे जायचं, दोघांनी."

मग तिने माझा हात पेन्सिलीसकट उचलला आणि आपल्या डाव्या काखेखाली नेऊन ठेवला.

"इथून सुरू करा," ती म्हणाली.